आकडा नसलेला बिल्ला

अ‍ॅट्रिल घळ, वाइट बेट
७ ऑक्टोबर १९६८

प्रिय हिल्डे,

तुझं पत्र आणि लोकरी मोजे मिळाले. एक मोजा मोठा आणि एक लहान आहे, म्हणजे ते तूच विणलेत यात शंका नाही. घालतोय.

काल आपलं उद्यान बंद केलं. शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे बर्मिंगहॅमचं एक जाडंजुडं जोडपं. देवमाशाचा सांगाडा बघून झाला, मेणाचे स्मगलर बघून झाले, रंगीत वाळूची बाटली भरून झाली, तरी बाई कमरेवर हात ठेवून विचारतात, "एवढंच?" म्हटलं, "बाई, बाकीचं समुद्रात आहे." दोघं पोट धरून हसली. मी कुठे विनोद करत होतो? दर हिवाळ्यात कडा थोडा ढासळतो आणि आपण उरलेलं उचलून मागे आणतो. बाबांनी तेच केलं, मी तेच करतोय. आपल्या घराण्याचा धंदाच मुळी मागे सरकायचा.

पण एक वेडेपणा झाला, तो तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेवटच्या दिवशीची आपली फेरी तुला आठवते ना? प्रत्येक ठिकाणी जायचं, घंटा वाजवायची, "कोणी राहिलंय का? चला, बंद करतोय!" अशी हाक द्यायची, उत्तर येतं का बघायचं आणि मग कुलूप. बाबा म्हणायचे, हाक दिली की शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत राखणदाराने हलायचं नाही. तर काल गुहा झाली, छोटा गोल्फ झाला, आणि पाय सवयीने खाली भूलभुलैयाकडे निघाले. भूलभुलैया समुद्रात गेला त्याला दोन हिवाळे झाले, आणि त्याच्याबरोबर माझी मेव्हिस गेली. हे मला कळतं, पायांना कोणी सांगितलेलंच नाही.

तारेच्या कुंपणापाशी उभा राहिलो. त्यापुढे जमीनच नाही. मेव्हिसची घंटा तिच्याबरोबरच गेली, म्हणून चहाचा ट्रे पळीने बडवला आणि हाक मारली. मारल्यावर जीभ चावली. खालून उत्तर आलं नाही, पण कुलूप लावायलाही काही नव्हतं. तसाच परत आलो. तेव्हापासून काहीतरी अर्धवट सोडल्यासारखं वाटतंय.

तुझा,
लेन


साउथसी, पोर्ट्समथ
१६ ऑक्टोबर १९६८

लेन्या,

मोज्यांना नावं ठेवायची असतील तर परत पाठव. इथे गरजू पुष्कळ आहेत.

कड्याच्या टोकाशी उभं राहून ट्रे बडवणारा म्हातारा! कोणी पाहिलं असतं तर? कौन्सिलचा इंजिनियर तुला गेल्या वर्षीच म्हणाला होता की हे घर फार दिवसांचं नाही. तू त्याला चहा पाजलास, खेकड्याचं सँडविच खायला घातलंस आणि वाटेला लावलंस. माझी वरची खोली रिकामी आहे. खिडकीतून बेट दिसतं, म्हणजे तुला रडायला सोय आहे. "पलीकडचे" म्हणून आम्हाला आयुष्यभर हसलास, आता गुमान पलीकडे राहायला ये.

मेव्हिस तुझी बायको, पण तिची आठवण मलाही येते. आपण सगळे घंटा बडवत बडवत यायचो, आणि ती मात्र घंटेची जीभ, आतला लोलक, दोन बोटांत दाबून धरून यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अगं, आधीच वाजली तर लोक धावतात, पोरं पडतात." बाबांची घंटा माझ्याकडे शेगडीवरच्या फळीवर आहे. काल पुसली. आणि त्या ख्रिसमसला मी मेव्हिसच्या आवाजात "लेन, फाटक उघडं राहिलं!" म्हणून ओरडले आणि तू ताटावरून उठून पावसात पळालास, ते आठवून एकटीच हसले. मग हसणं थांबलं.

ये रे बाबा.

हिल्डा


अ‍ॅट्रिल घळ
१४ नोव्हेंबर १९६८

प्रिय हिल्डे,

हे पत्र बसून वाच.

परवा संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमाराला, मी गुहेतल्या स्मगलरांवर चादरी घालत होतो. खालच्या वाटेने कोणीतरी आलं. खालच्या वाटेने, म्हणजे जी आता तारेपाशी संपते तिने. नवरा, बायको आणि बायकोच्या कडेवर पोर. उन्हाळी कपडे. पुरुषाने पँटचे पाय दुमडलेले, बाईच्या डोक्यावर रुमाल. नोव्हेंबरात! मला वाटलं, चुकून आलेत. म्हटलं, "साहेब, उद्यान बंद आहे." तो इतक्या सभ्यपणे म्हणाला, "माफ करा हं, हाक ऐकली पण वाटच सापडेना. बाहेर कुठून जायचं?" मी फिरत्या फाटकाकडे बोट दाखवलं. त्याने माझ्या हातावर काहीतरी ठेवलं आणि ती तिघं वर गेली. फाटक फिरल्याचा आवाज ऐकला. मागोमाग गेलो तर रस्ता रिकामा. बस उभीच होती, ड्रायव्हर बर्ट बोनेटला टेकून सिगारेट ओढत होता. म्हणाला, "कोण? इथे कुत्रं फिरकलेलं नाही."

हातातली वस्तू म्हणजे भूलभुलैयाचा पितळी बिल्ला. ओला.

तुला आठवतं ना, आत जाताना प्रत्येकाला आकड्याचा बिल्ला द्यायचो आणि बाहेर येताना परत घेऊन फळीवरच्या खिळ्याला टांगायचो? रिकामा खिळा दिसला की कोणीतरी आत आहे. आणि दर सीझनला काही खिळे रिकामे राहायचेच. बाबा म्हणायचे, आठवण म्हणून खिशात घालून नेतात मेले. आपण दर वर्षी नवे बिल्ले पाडून घ्यायचो. फळी वाचली, कारण मेव्हिसने ती बिल्ले उतरवून रंगवायला घरी आणली होती. माझ्या स्वयंपाकघरातच टांगलेली आहे.

तो बिल्ला मी खिळ्याला लावला. बरोब्बर आपल्या जागी बसला. हिल्डे, बाबा चुकत होते. ते लोक बिल्ला घेऊन गेले नव्हते. ते बाहेरच पडले नव्हते.

लेन


साउथसी
२१ नोव्हेंबर १९६८

लेन,

बसून वाचलं, उभं राहून वाचलं, शेजारच्या मिसेस ट्रिमला नाव न सांगता वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एकटं राहून असं होतं." मी म्हटलं, "त्याचं लहानपणापासून असंच आहे."

आता नीट ऐक. बिल्ले वाळूत सापडतात. कडा पडला की खालच्या किनाऱ्यावर काय काय वर येतं, हे तुला मी सांगावं? कोणी टवाळांनी ते उचलले आणि तुझी टर उडवली. मेव्हिस गेल्यापासून तू नीट जेवत नाहीस, हे मला ठाऊक आहे. सूप कर. दारं लाव. आणि नाताळला इकडे ये, मी परतीचं तिकीट काढू देणार नाही.

हिल्डा


अ‍ॅट्रिल घळ
३ जानेवारी १९६९

प्रिय हिल्डे,

नाताळला आलो नाही म्हणून रागावली असशील. येणं शक्यच नव्हतं. रोज कोणी ना कोणी येतंय.

टवाळ नाहीत गं. टवाळ असे दमलेले नसतात. परवा दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या, हातात हात. एकीने विचारलं, चहाची खोपटी उघडी आहे का? खोपटी मेव्हिसबरोबरच गेली. मी घरातून कप आणून दिला. तिने तो नुसता हातात धरला, गरम वाटला म्हणून हसली आणि परत दिला. काल गवताची टोपी घातलेला एक गृहस्थ आला. वाळूची बाटली पुरती भरलेली, बूच मात्र नाही. म्हणाला, "आमची सहलीची मोटार गेली का हो?" मी म्हटलं, "वर बघा, असेल." काय सांगणार? कोणी मला काही करत नाही. सगळे "माफ करा हं" म्हणतात, बिल्ला देतात आणि वर जातात. बूट ओले असतात, पण पावलं उमटत नाहीत. पहिल्या आठवड्यात भीतीने दात वाजायचे. आता त्यांची कीव येते.

मी हाक मारली हो. मारायला नको होती, पण मारली. आता शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत हलता येत नाही. तू आपल्या घरातलीच आहेस, तुला हे समजवावं लागू नये.

फळी भरली आहे. एकच खिळा रिकामा आहे, सगळ्यात खालचा. तिथे राखणदाराचा बिल्ला लागतो, आकडा नसलेला. मेव्हिसचा.

ती सगळ्यांच्या मागून यायची, माहीत आहे ना. म्हणून मी थांबलोय. ते सगळे बाहेर आले, मग तीही येईल. मला दुसरं काही नको. तिने एकदा "माफ करा हं" म्हणून मला न ओळखता बिल्ला दिला तरी चालेल. तिला पुरायलाही मिळालं नाही गं मला.

कौन्सिलचा माणूस काल पुन्हा आला. स्वयंपाकघराच्या फरशीला भेग पडली आहे, तिच्यात हात जातो. म्हणाला, "या महिन्यात निघा, अ‍ॅट्रिल. पाऊस लागला की माझ्या हातात काही नाही." मी त्याला म्हटलं, अजून एकजण यायचंय.

लेन


साउथसी
१० जानेवारी १९६९

लेन,

मी घाबरले आहे, आणि घाबरले की मी ओरडते, तेव्हा ओरडू दे. मेव्हिस गेली. ती येणार नाही. आणि त्या भेगेत हात जातो असं तू मला दुधाचा भाव कळवावा तसं कळवतोस! बायको गेली म्हणून तूही जाणार? मागे कोण राहतं, याचा विचार केलास? आपल्या घरातलं माणूस म्हणून मला एकटा तू उरला आहेस. मला तू हवा आहेस. इतक्या वर्षांत हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं, आता लिहिलं.

एक गोष्ट सांगणार नव्हते. परवा बाजारातून येताना बंदरापाशी एकाने मला थांबवलं. गवताची टोपी, उन्हाळी कोट. सहलीच्या मोटारी कुठे लागतात, असं विचारत होता. तिथे मोटारी लागायच्या तेव्हा मी नवी नवरी होते. मी म्हटलं, "बंद झाल्या हो, स्टेशनात जा." त्याने आभार मानले. घरी येऊन पिशवी रिकामी करताना लक्षात आलं, त्याच्या हातात वाळूची बाटली होती. तुझं पत्र मी त्याच्या आधीच वाचलं होतं, म्हणून मनाचा खेळ झाला असणार. बूट मी बघितले नाहीत. मुद्दामच बघितले नाहीत.

तू निघ. काहीही कर, पण निघ. नाहीतर मला काहीतरी करावं लागेल.

हिल्डा


बर्टचं घर, व्हेंटनर
७ फेब्रुवारी १९६९

हिल्डे,

घर गेलं. मी आहे.

काल सकाळपासून इतकं दाट धुकं होतं की दीपगृहाचा भोंगा दिवसभर थांबला नाही. दुपार कलल्यावर मी स्वयंपाकघरात फळीसमोर बसलो होतो. भेगेतून खालच्या पाण्याचा वास येत होता. आणि घंटा वाजली.

खालून नाही. वरून, फिरत्या फाटकापासून. आणि मग आवाज आला, "कोणी राहिलंय का? चला, बंद करतोय!" मी उठून उभा राहिलो. मग पुन्हा, जरा वैतागून, मेव्हिस म्हणायची तसं, "लेन, तूच राहिलायस. चल ना, किती वेळ!"

मी खुंटीवरचा कोट घेतला, भिंतीवरची फळी काढून काखेत मारली आणि धावलो. का धावलो माहीत नाही. आपल्या घरात हाक आली की निघायचं असतं, एवढंच. फाटकातून बाहेर पडलो आणि मागे आवाज झाला. मोठा नव्हता. कोणीतरी खुर्ची मागे सरकवावी तसा. वळून बघितलं तर धुक्यात घराचं धुराडं नव्हतं.

फाटकापाशी कोणी नव्हतं. मी हाका मारल्या, रस्ताभर शोधलं. बर्ट मला बसमध्ये घालून इथे घेऊन आला.

आता मला खरं सांग. तुझ्याकडे बाबांची घंटा आहे. मेव्हिसचा आवाज तुला काढता येतो. "मला काहीतरी करावं लागेल" असं तू लिहिलं होतंस. ती तू होतीस का? तू असशील तर मी रागावणार नाही, तू माझा जीव वाचवलास. पण मग मेव्हिस अजून खालीच आहे, आणि मी इथे बसू शकत नाही. फाटकापाशी तंबू टाकून बसेन. खालचा खिळा अजून रिकामा आहे, हिल्डे. फळी माझ्या मांडीवर आहे.

तू कधी माझ्याशी खोटं बोलली असलीस तरी या वेळी बोलू नकोस.

लेन


साउथसी
९ फेब्रुवारी १९६९

प्रिय लेन,

तुझं पत्र हातात आलं आणि दारातच बसले. तू आहेस. आधी तेवढंच चार वेळा वाचलं.

आता खरं. गुरुवारी मी तुला फसवायला निघाले होते. बाबांची घंटा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली होती. फाटकापाशी उभी राहून ती वाजवणार होते, मेव्हिसच्या आवाजात तुला हाक मारणार होते, आणि मरेपर्यंत कबूल करणार नव्हते. सगळं ठरलं होतं. बंदरावर पोहोचले तर धुक्यामुळे सकाळपासून एकही बोट सुटलेली नव्हती. मास्तर म्हणाला, आज सुटणारही नाही. मी तरी बसून राहिले. दोन्ही हात पिशवीवर ठेवून वाट बघत होते आणि तुझ्या त्या भेगेचा विचार करत होते. इतकी हतबल मी आमचे हे गेले तेव्हाही झाले नव्हते. बेटावर मी पाऊल ठेवलेलं नाही, लेन. घंटा टॉवेलातून बाहेरसुद्धा निघाली नाही.

दिवस मावळता मावळता धक्क्याच्या उतारावरून एक बाई वर आली. धक्क्याला बोट नव्हती. मी पुन्हा लिहिते, बोट नव्हती. हिरवा एप्रन, डोक्याला रुमाल, बुटांतून पाणी निथळत होतं. या वेळी मी बूट बघितले. उजव्या हातात घंटा होती, आणि आवाज होऊ नये म्हणून तिची जीभ दोन बोटांत दाबून धरली होती.

ती माझ्या इतक्या जवळून गेली की हात लांब केला असता तर एप्रन हाताला लागला असता. मी हाक मारली नाही. तोंडच उघडलं नाही रे. याचं मला आयुष्यभर वाईट वाटेल, तेव्हा तू त्यावरून मला बोलू नकोस. ती बाकापाशी क्षणभर थांबली, मग दिवसभराचं काम संपवून घरी निघालेल्या बाईसारखी बंदरातल्या स्टेशनच्या फलाटाकडे गेली. तिकडे गाडी उभी होती. मी बघायला गेले नाही.

तू तिची वाट बघत होतास, आणि ती तुझी. राखणदार सगळ्यांच्या मागून निघतो, हे तूच मला लिहिलंस आणि तुझ्याच डोक्यात शिरलं नाही. तू आत असताना ती कशी निघणार होती?

पाकीट जड लागलं असेल. आत आहे ते बाकावर माझ्या पिशवीशेजारी ठेवलेलं होतं. मी पुसलं, चुलीपाशी वाळवलं, तरी कडेला मीठ धरतंय. आकडा नाही त्यावर. मी दोन्ही बाजूंनी बघितलं.

खिळ्याला लाव आणि पहिल्या बोटीने ये. वरच्या खोलीत अंथरूण घातलंय.

हिल्डा